वीतभर मोहीम

३४ वर्षं मी सरकारी मोजणीखात्यात काढली. दोन सख्खे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे असताना मधून साखळी कशी न्यायची, हे मला बरोबर कळतं. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा मोजमापाच्या बाबतीत तिथे आपल्याला शिकवणारा कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटला. त्याचं वय नऊ, आणि नात्यानं तो माझा नातू, अर्णव.

मुलगी, मुग्धा, राहते नॉटिंगहॅमला. आपल्याला हे गाव माहीत असतं ते रॉबिन हूडमुळे. तिथल्या पोरांना मात्र ते 'वॉरहॅमर'चं गाव म्हणून ठाऊक. १९८३ साली निघालेला हा टेबलावरच्या लढायांचा खेळ, आणि तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच गावात. त्यात राक्षस असतात, अवकाशवीर असतात. आमच्या जावयांना, समीररावांना, राक्षसांचं वावडं. त्यांनी अर्णवला नेपोलियनच्या काळाकडे वळवलंय. "तेवढाच इतिहास होतो, बाबा," असं ते मला म्हणाले. मुग्धा म्हणाली, "होतो कसला, सगळा डायनिंग टेबलावर सांडतो."

अर्णवचं सैन्य बुटांच्या खोक्यात राहतं. एकेक शिपाई २८ मिलिमीटर उंच, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या कोटाला बटणं आहेत आणि ती बटणं बापलेकांनी भिंग लावून रंगवलेली आहेत. या खेळाला बुद्धिबळासारखी घरं नसतात. टेबलावर हिरवं कापड घालायचं, पुस्तकं खाली सरकवून टेकड्या करायच्या आणि टेप काढायचा. पायदळ एका खेळीत ६ इंच चालतं, बंदूक १२ इंचांपर्यंत पोचते, आणि लागली की नाही ते फासा सांगतो. एक इंच कमी पडला म्हणून पराभव, हे ऐकून मला एकदम नोकरीत परत गेल्यासारखं वाटलं. आमच्याकडे एका वितेपायी लोक हायकोर्टापर्यंत गेलेले आहेत.

घोळ मीच घातला. तिकडे रविवारी एखाद्या कुरणात लोक मोटारी ओळीनं लावतात, डिक्या उघडतात आणि घरातली अडगळ विकतात. पुण्याच्या जुन्या बाजाराला चाकं लावली तर असाच दिसेल. तिथे मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शिशाचे जुने शिपाई मिळाले. ३१ पायदळ, ६ घोडेस्वार आणि एक तोफ. किंमत ८ पौंड. "म्हणजे किती झाले?" असं आमच्या हिनं विचारलंच. परदेशात प्रमाण बदलायचं खातं तिच्याकडे असतं. तिचा गुणाकार सुरू झाला की मी मुकाट पैसे देऊन मोकळा होतो.

डबा घरी येऊन उघडला. काही शिपाई लाल कोटातले, काही खाकीतले. चौघांची मुंडकी धडावर नुसती टेकवलेली. एक उचलून पाहिलं तर मानेत आगपेटीची काडी. कुणा पोरानं की त्याच्या बापानं, केव्हातरी, धड आणि डोकं दोन्हींना काडी घालून जोडलेली. काडीचा गुल काढायचा मात्र राहिला होता, त्यामुळे तो शिपाई सदैव स्फोटाच्या बेतात वाटत होता.

अर्णवनं आपला एक शिपाई आणून त्याच्या शेजारी उभा केला. तो जेमतेम त्याच्या कंबरेच्या वर आला. हे ५४ मिलिमीटरवाले निघाले. "आजोबा, ही तर आजोबा आर्मी आहे," तो म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून त्यानं खरा प्रश्न विचारला. "पण रूल्स? आपले रूल्स तर लहान सोल्जर्सचे आहेत."

मी हसलो. ज्यानं हयात प्रमाणांत घालवली, त्याला हा काय प्रश्न? "दुप्पट करायचं," मी म्हटलं. "५४ म्हणजे २८ची दुप्पट, दोन मिलिमीटर इकडेतिकडे. ६ इंचांचे १२, १२चे २४. झालं."

झालं काहीच नाही. टेबल होतं ६ फूट बाय ४ फूट. तेही दुप्पट करायला हवं, म्हणजे १२ बाय ८. मुग्धाची बैठकीची खोली १२ फूट आहे, पण तीत सोफा आहे, टीव्ही आहे आणि मुग्धा आहे. युद्ध जमिनीवर आलं. सोफ्याला भिंतीशी उभं केलं, गालिच्याखाली उशा सरकवून डोंगर केले. हे सगळं मी गुडघ्यांवर रांगत केलं. गुडघे दुप्पट झाले नव्हते हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरी फजिती तोफेची. अर्णवच्या नियमांत गोळा पडला की त्या जागी ३ इंचांची गोल चकती ठेवतात. चकतीखाली जो येईल तो गेला. मी हिशेब केला. आमची जुनी साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. बाजू दोन साखळ्या झाली की गुंठे दोन होत नाहीत, चार होतात. हे मी अर्ध्या जिल्ह्याला समजावलं आहे. तेव्हा इथेही सगळं चौपट, असं म्हणून मी स्वयंपाकघरातून १२ इंचांची जेवणाची थाळी आणली आणि गोळ्याच्या जागी ठेवली. एका गोळ्यात २३ शिपाई आणि एक टेकडी गारद. अर्णव बराच वेळ थाळीकडे बघत राहिला. मग अगदी हळू, मोठ्यांना दुखवू नये अशा आवाजात म्हणाला, "आजोबा, व्यास डबल केला की एरिया आपोआप चौपट होतो ना? मग सहा इंचच." चौपट करायचं ते क्षेत्रफळ, व्यास नव्हे. थाळी परत गेली, बशी आली. माझी पेन्शन चालू राहिली ही सरकारची कृपा.

त्या रात्री मला दुपटीतली गंमत उमगली. माणूस दुप्पट उंच केला की त्याची चाल दुप्पट, त्याच्या अंगावरचा रंग चौपट आणि त्याच्यातलं शिसं आठपट होतं. सगळं एका चालीनं वाढत नाही. लग्नाच्या आचाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असतं. दहा पानांच्या आमटीची शंभर पानांची करताना तो डाळ दहापट घेतो, पण मिठाला आणि तिखटाला हात आखडता ठेवतो. खेळण्यांच्या कारखानदारालाही हे कळलं होतं. शिसं महाग, आणि भरीव शिपाई म्हणजे नुसतं वजन. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन कुटुंबानं युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, बाहेरचा थर थिजला की आतला पातळ धातू परत ओतून काढायचा. शिपाई वरून तसाच कडक, आतून पोकळ. हे मी जेवताना सांगितलं. ही म्हणाली, "चाल दुप्पट, रंग चौपट, शिसं आठपट. आणि पसारा?" त्याचं सूत्र मला अजून सापडलेलं नाही.

पुढचा धक्का बंदुकीनं दिला. मी कागद घेऊन बसलो. नेपोलियनच्या काळच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला धरू १०० यार्ड. २८ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे साधारण १ : ५६ हे प्रमाण. मग टेबलावर हा पल्ला यायला हवा १.६३ मीटर, म्हणजे ६४ इंच. नियम सांगतो १२. आमचे मोठे शिपाई १ : ३२चे, त्यांची गोळी २.८६ मीटर जायला हवी, म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. खाकीवाल्यांच्या हातात तर रायफली. त्यांचा ३०० मीटरचा पल्ला धरला तर गोळी सव्वानऊ मीटरच्या पुढे, खिडकीतून, रस्ता ओलांडून, समोरच्या आजींच्या गुलाबांत.

म्हणजे माणूस एका प्रमाणात आणि जमीन दुसऱ्याच! एका कागदावर दोन प्रमाणं! आमच्या कचेरीत असा नकाशा कुणी काढला असता तर त्याची वेतनवाढ थांबली असती. समीररावांनी समजूत घातली, की हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि सगळे त्याकडे काणाडोळा करतात. नाहीतर खेळच होणार नाही. समोरासमोर आल्या क्षणी सगळे सगळ्यांच्या पल्ल्यात. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटनं १८२४ साली खरं प्रमाण पाळून दाखवलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. त्यानं १ : ८,०००चा नकाशा घेतला, पण मग त्यावर माणसं मावेनात. पलटणीच्या जागी चपटे ठोकळे सरकवायचे. मला तो माणूस एकदम आपल्या खात्यातला वाटला. अर्णव मात्र म्हणाला, "ठोकळ्यांना बटणं कुठे असतात?" आणि प्रश्न मिटला.

खरं तर मला तक्रार करायचा हक्कच नव्हता. साताऱ्यात आम्ही दिवाळीत किल्ला करायचो. त्यावरचा मावळा बुरुजाएवढा. पायथ्याचा वाघ महादरवाजातून आत शिरूच शकला नसता. शेजारी मातीची गवळण, ती दोघांहून मोठी. जंगलासाठी अळीव पेरायचे. चौथ्या दिवशी त्याचं एक पान मावळ्याच्या पागोट्याएवढं व्हायचं. महाराज तर सिंहासनासकट अख्ख्या बालेकिल्ल्याला व्यापून बसलेले. एकाही पोरानं कधी विचारलं नाही की प्रमाण काय धरलंय.

मग तिसरा उपाय. माणसं कमी करायची. लहान शिपायांच्या पुष्कळ नियमांत एक बाहुला म्हणजे एक माणूस नसतोच. तो वीस माणसं असतो, कधी पन्नास. १२ बाहुले पुढे सरकले की पलटण सरकली. मोठ्या शिपायांना हे शोभत नाही. ५४ मिलिमीटरच्या माणसाला चेहरा असतो. पलटण सोडा, तुकडी खेळा. एक बाहुला म्हणजे एक माणूस. आम्ही दोन्ही बाजूंना अकरा अकरा ठेवले, उरलेले राखीव. आणि काय गंमत, पहिल्याच डावात त्यांना नावं पडली. काडीच्या मानेचा तो झाला काडेसाहेब. काडेसाहेब पडले तेव्हा अर्णवनं फासा पुन्हा टाकायची परवानगी मागितली. लहान शिपायांचे वीस वीस एकदम उचलताना त्यानं कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

मला आठवली ती सातारा जिल्ह्यातली एक चावडी. मोजणीला गेलो की सामान तिथेच ठेवायचो. तिच्या भिंतीत एक दगड बसवलेला होता. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, असे त्यावर दोन आकडे. असे दगड आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या दगडावर एक म्हणजे एकच. खाली कुठे बारीक अक्षरांत प्रमाण लिहिलेलं नाही.

हे मी अर्णवला सांगितलं नाही. समीररावांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी फोनवर एक पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं. एच. जी. वेल्सचं 'लिटल वॉर्स', १९१३चं. काळयंत्रातून माणूस पाठवणारा, मंगळावरून स्वारी आणणारा हा लेखक घरात जमिनीवर ओणवा होऊन खेळण्यातले शिपाई लढवायचा आणि त्यानं त्याचे नियम छापले. वाचता वाचता मी उठून बसलो. त्याचे शिपाई ५४ मिलिमीटरच्याच घराण्यातले! पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन. आम्ही ६ इंच दुप्पट करून, टेबल मोडून, थाळ्या बदलून जिथे पोचलो होतो, तिथे हा गृहस्थ शंभर वर्षांपूर्वीच पाय पसरून बसला होता.

म्हणजे आम्ही नियम मोठे करत नव्हतो, त्यांना माहेरी नेत होतो. खेळ जन्मला तोच मोठा, जमिनीवर. पुढे ३०चे शिपाई आले, २५चे, २०चे, १५चे, अगदी ६ मिलिमीटरचेही. खेळ टेबलावर चढला. याचं कारण मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. पोरं मोठी झाली, खोल्या लहान झाल्या आणि गुडघे बोलू लागले.

वेल्सनं तोफेचा प्रश्न बशीविनाच सोडवला होता. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ, तिच्यात इंचभर लाकडी दांडी, आणि नेम धरून खरोखर मारायचं. पडला तो मेला. फासा नाही, भांडण नाही. शिपाई दोन इंचांचा असला तरच हे जमतं. पेराएवढ्या, भिंग लावून रंगवलेल्या शिपायावर कोण दांडी झाडेल? आमच्या तोफेची स्प्रिंग केव्हाच गेलेली, म्हणून आम्ही रबरबँड लावला. पहिला गोळा हिच्या चहात पडला. खेळीला वेळेची मर्यादाही त्यानं घातली होती: दर ३० माणसांना एक मिनिट आणि दर तोफेला एक मिनिट. आम्ही त्यात दुरुस्ती केली. आजोबांचा गुडघा वाजला की खेळी संपली.

त्या पुस्तकात वेल्सचं म्हणणं असं, की खऱ्या लढाईपेक्षा ही जमिनीवरची लढाई कितीतरी बरी. पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी युरोपानं तोच डाव १ : १ प्रमाणात मांडला. चावडीतला दगड त्या डावातला.

आता राहिला टेपचा प्रश्न. समीररावांनी आणखी एक तोड सांगितली होती, आणि ती मला सगळ्यांत पटली. १९९०च्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या जुन्या काळच्या लढायांच्या खेळात दोन्हीकडे शिपाई चिकटवलेल्या फक्त बारा पट्ट्या असतात. १५ मिलिमीटरचे शिपाई असतील तर पट्टी ४० मिलिमीटर रुंद, २५चे असतील तर ६०. नव्या आवृत्तीत चाल आणि पल्ला इंचांत सांगतच नाहीत. इतक्या पट्टी-रुंदी चाला, असं सांगतात. शिपाई मोठे घ्या, पट्टी मोठी होते, चाल आपसूक वाढते, नियमातला काना-मात्रा बदलावा लागत नाही. आपल्या मूर्तिकारांचा हाच हिशेब. मूर्ती वीतभर असो की दोन पुरुष उंच, तिचं माप 'ताल', म्हणजे तिच्याच चेहऱ्याची लांबी. आणि बुद्धिबळातला घोडा? तो खिशातल्या पटावरही अडीच घरं जातो आणि बागेतल्या फरशीवरचा कंबरेएवढा घोडाही अडीचच. त्याला कुणी इंच विचारत नाही.

पण आमचे शिपाई सुटे. पायाखाली शिशाचा इवलासा चौकोन, पट्टीबिट्टी काही नाही. आणि नेमका त्या दिवशी टेप समीररावांच्या गाडीत राहिलेला. अर्णवनं गालिच्यावर हात टेकला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि म्हणाला, "आजोबा, माझा हात चालेल?"

मी संध्याकाळी त्याची वीत टेपनं मोजली. ६ इंचाला एक सूत कमी. पायदळ दोन वीत, घोडदळ चार. वेल्सचा फूट, अर्णवचा २८वाला नियम आणि हा हात, तिन्ही एका रेषेत आले. माझ्यातला मोजणीदार कुरकुरला. कुणाच्या हाताची वीत, कुणाच्या पावलाचं पाऊल, यावरून रानात डोकी फुटतात. म्हणून तर लोखंडी साखळी आली. पण समोरचा अर्जदार नऊ वर्षांचा होता आणि त्याचा दावा बिनविरोध होता. तरी खात्याची सवय जाईना. मी सुतळी घेतली, त्याची वीत लावून दोन्हीकडे गाठी मारल्या. तशाच दोन केल्या. एक शिपायांच्या डब्यात ठेवली, एक मी घेऊन आलो. मूळ कागद त्यांच्याकडे, नक्कल आपल्याकडे. वहीत टिपणही केलं: तारीख, वीत, खालती सही. अर्णवनं सही मराठीत केली. 'र्ण'वर तो बराच वेळ अडला होता.

याला दीड वर्ष झालं. परवा दिवाळीत व्हिडिओ कॉल आला. मागे गालिच्यावर मोहीम मांडलेली दिसत होती, काडेसाहेब आघाडीवर. "आजोबा, प्रॉब्लेम आहे. आर्मी फास्ट झाली. आधी सात टर्न्समध्ये दाराशी यायचे. आता सातव्या टर्नला दाराच्या बाहेर जातात. मी चीटिंग करत नाहीये."

"तू मोजतोस कशानं? सुतळीनं की हातानं?"

"हातानं. सुतळी कंटाळवाणी आहे."

"ती शोध. आणि तिच्यावर हात ठेव बघू."

डबा उपसल्याचा आवाज आला. मग कॅमेऱ्यासमोर सुतळी आली, तिच्यावर हात आला, अंगठा पहिल्या गाठीवर टेकला, आणि करंगळी दुसऱ्या गाठीच्या पुढे गेली. त्यानं सुतळीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, सुतळी एकदा उलटी धरून पाहिली. माझी नक्कल मी इकडे मुठीत धरली होती.

"आता काय करायचं, आजोबा? जुनी वीत ठेवायची की नवी?"

मी वही काढली आणि जुन्या नोंदीखाली लिहिलं: वीत तीन सूत वाढली. हद्द दारापलीकडे सरकली. लगतधारकांची हरकत नाही.